दोन थेंब पडताच लाईट का जाते? उत्तर टॉवरवरच्या तबकड्यांमध्ये आहे

मे अखेरीस वळवाची एखादी सर येते किंवा मृगाचा पहिला पाऊस पडतो, आणि अर्ध्या गावाची लाईट जाते. "दोन थेंब पडले नाहीत तोच गेली" ही तक्रार महाराष्ट्रात दरवर्षी ऐकू येते, आणि तिच्यापाठोपाठ वीज कंपनीचं निवेदनही दरवर्षी पेपरात येतं: चिनी मातीचे इन्सुलेटर उन्हाने तापलेले असतात, पावसाचे थेंब पडताच त्यांना तडे जातात, वीज खांबात उतरते आणि फिडर, म्हणजे उपकेंद्रातून गावाकडे येणारी लाईन, बंद पडतो. वाचणाऱ्याला ती सबब वाटते. सबब नाही ती, पण उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते एकदा कळलं की धो धो पावसापेक्षा रिमझिम का वाईट, हिवाळ्यात धुकं पडलं की उत्तरेत लाईन का बंद पडतात आणि कोकणपट्टीतल्या लाईनला जास्त का जपावं लागतं, हे सगळंच उलगडतं.

घरची लाईट जाते ती बहुतेक वेळा ११, २२ किंवा ३३ हजार व्होल्टच्या, रस्त्याकडेच्या खांबांवरच्या लाईनमुळे. पण त्यामागचं शास्त्र सर्वांत स्पष्ट दिसतं ते शेतातून जाणाऱ्या मोठ्या टॉवर लाईनवर. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तबकड्या मोजा, दाब कळेल

टॉवरच्या आडव्या हातापासून खाली एक माळ लोंबते आणि तिच्या टोकाला तार अडकवलेली असते. माळेतली प्रत्येक तबकडी म्हणजे एक इन्सुलेटर. वीज तारेतून टॉवरमध्ये उतरू नये, हे तिचं काम. लाईनवरची माणसं तिला 'डिस्क' म्हणतात आणि माळेला 'स्ट्रिंग'.

तारेतल्या विजेचा दाब किलोव्होल्टमध्ये मोजतात, बोलताना 'केव्ही'. एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट. घरात २३० व्होल्ट असतात, तर टॉवर लाईनवर १३२, २२०, ४०० किंवा ७६५ केव्ही. पुढच्या वेळी एसटीने जाताना खिडकीतून माळ मोजून पाहा. चिनी मातीच्या साधारण नऊ-दहा तबकड्या दिसल्या तर लाईन १३२ केव्हीची, चौदाच्या आसपास असतील तर २२० ची आणि तेवीस-चोवीस असतील तर ४०० ची. जिथे लाईन वळते तिथे माळ लोंबत नाही, आडवी ताणलेली असते. तारेचा सगळा ताण तिच्यावर येतो, म्हणून तिथे बऱ्याचदा दुहेरी माळ लावतात.

या माळेला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात. एक वीज अडवायची आणि दुसरं तारेचं वजन पेलायचं. वाऱ्या-वादळात ताण बराच वाढतो, तेव्हाही तुटायचं नाही. ४०० केव्ही लाईनवर एकेक डिस्क बारा टनांचा किंवा त्याहून जास्त ताण सोसेल अशी घेतात.

तारेवर रबर का चढवत नाहीत?

घरातल्या वायरवर प्लास्टिक असतं, मग ४०० केव्हीची तार उघडी कशी, असं बरेच जण विचारतात. ती उघडी असते कारण तिच्याभोवती हवा आहे, आणि कोरडी हवा वीज चांगली अडवते. सपाट, गुळगुळीत पृष्ठभागांमध्ये एका मिलिमीटर हवेला भेदायला सुमारे तीन केव्ही लागतात. लांब अंतरावर हवेची ताकद त्या मानाने कमी पडते, म्हणून टॉवरवर तार आणि लोखंड यांच्यात काही मीटर मोकळी जागा सोडतात.

हवेचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. रबर किंवा प्लास्टिक एकदा जळून भोक पडलं की ते कायमचं गेलं. हवेतून ठिणगी गेली आणि वीज क्षणभर तोडली, की त्या जागी नवी हवा येते आणि लाईन पुन्हा पहिल्यासारखी होते. शिवाय एवढ्या दाबाला पुरेल असं आवरण चढवलं तर तार इतकी जड होईल की कितीतरी जास्त टॉवर उभे करावे लागतील.

म्हणजे मैलोन्मैल हवा फुकटात काम करते. अडचण फक्त एकाच ठिकाणी आहे, जिथे तारेला टॉवरला टांगावंच लागतं. तिथे तबकड्यांची माळ येते.

चार पुरतील, मग तेवीस कशाला?

४०० केव्ही हा दोन तारांमधला दाब. एक तार आणि टॉवर यांच्यातला दाब त्याहून कमी, सुमारे २३१ केव्ही. आता एक डिस्क घ्या, २५५ मिलिमीटर रुंद आणि १४५ मिलिमीटर उंच. स्वच्छ आणि कोरडी असेल तर प्रयोगशाळेत ती एकटी साठ-सत्तर केव्ही दाब सोसते. या हिशोबाने चार डिस्कमध्ये भागायला हवं, मग तेवीस का लावायच्या?

एक कारण असं, की दाब माळेत सारखा वाटला जात नाही. तारेजवळच्या डिस्कवर सरासरीपेक्षा बराच जास्त भार पडतो आणि वर जावं तसा तो कमी होतो. तारेच्या टोकाला धातूचं मोठं कडं दिसतं, ते हा भार थोडा पसरवण्यासाठी असतं. दुसरं कारण आकाशातली वीज. ती लाईनवर किंवा जवळपास पडली तर काही मायक्रोसेकंदांसाठी दाब दहा लाख व्होल्टच्या पुढे जातो.

पण खरा हिशोब ठरतो तिसऱ्या कारणावर, तो म्हणजे मळ. वीज क्वचितच चिनी मातीच्या आतून आरपार जाते. तिला सोपी वाट असते ती वरून, पृष्ठभागावरून. म्हणून डिस्कच्या खालच्या बाजूला खोल वळ्या केलेल्या असतात. हा घाटरस्ता समजा: माथा आणि पायथा सरळ रेषेत जवळ असतात, पण गाडीला वळणं घेत घेतच उतरावं लागतं. १४५ मिलिमीटर उंचीच्या साध्या डिस्कच्या पृष्ठभागावरून जाणारी वाट ३०० मिलिमीटरच्या आसपास भरते. धुक्यासाठी बनवलेल्या खास डिस्कमध्ये ती ४३० च्याही पुढे जाते. या वाटेला 'क्रीपेज' म्हणतात. आपण तिला पृष्ठवाट म्हणू.

पृष्ठवाट किती हवी, हे जागा किती मळकट आहे यावर ठरतं. स्वच्छ भागात प्रत्येक केव्हीमागे १६ मिलिमीटर, मध्यम भागात २०, जास्त मळकट भागात २५ आणि समुद्रकिनारा किंवा रासायनिक कारखान्यांसारख्या अति मळकट भागात ३१. ४०० केव्हीची लाईन कमाल ४२० केव्हीवर चालते असं धरून हे गुणतात. म्हणजे किनाऱ्याजवळ १३ मीटरहून लांब पृष्ठवाट हवी. तेवीस डिस्कची माळ उंचीला सव्वातीन मीटरच्या थोडीच वर भरते. तेवढ्या उंचीत तेरा मीटरची वाट बसवायची, यात इन्सुलेटर बनवणाऱ्यांचं कसब आहे.

मळ आणि ओल एकत्र आली की

आता पहिल्या पावसाकडे वळू. ऑक्टोबरपासून मेपर्यंत सात-आठ महिने डिस्कवर काही ना काही बसत राहतं. उरण-पनवेल, तारापूर-बोईसर, रत्नागिरीकडे समुद्रावरून येणारा खारा वारा मीठ आणतो. चंद्रपूरकडे कोळशाची भुकटी, राख आणि सिमेंट असतं. गावोगावी वीटभट्ट्यांचा धूर, रस्त्याची माती आणि खतांची धूळ असते. हा थर कोरडा असेपर्यंत निरुपद्रवी असतो, कारण कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही.

त्यावर थोडीशी ओल आली की सगळं बदलतं. मीठ विरघळतं आणि पृष्ठभागावर खाऱ्या पाण्याची पातळ साय धरते. तिच्यातून थोडा प्रवाह वाहू लागतो. हा गळतीचा प्रवाह काही मिलिअँपियरपासून सुरू होतो, पण दाब प्रचंड असल्याने साय तापते. डिस्कच्या मधल्या भागात, जिथे परीघ लहान आहे, तिथे प्रवाह एकवटतो आणि तिथली साय आधी वाळते. त्या जागी एक कोरडी कडी तयार होते. बाकी सगळा पृष्ठभाग ओला आणि वाहता, म्हणून डिस्कवरचा जवळपास सगळा दाब त्या बोटभर रुंद कडीवर येऊन पडतो. तिच्यावरची हवा तो सोसत नाही आणि छोटी ठिणगी उडते.

पहाटेच्या दवात उपकेंद्राच्या कुंपणाजवळ उभं राहिलं तर हे ऐकू येतं. चर्र-चर्र असा आवाज येत राहतो आणि अंधार असेल तर डिस्कच्या मुळाशी निळसर-जांभळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. बहुतेक वेळा त्या विझतात. मळ जास्त असेल तर विझत नाहीत, लांबतात, शेजारच्या ठिणगीला जाऊन मिळतात, आणि एका क्षणी माळेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विजेचा लोळ उभा राहतो. याला फ्लॅशओव्हर म्हणतात. तारेतली वीज त्या लोळातून टॉवरमध्ये आणि जमिनीत जाते.

उपकेंद्रातली संरक्षण यंत्रणा हे ओळखते आणि ४०० केव्हीवर साधारण एक दशांश सेकंदात ब्रेकर, म्हणजे लाईन तोडणारा मोठा स्विच, उघडते. हेच ट्रिपिंग. मोठ्या लाईनवर एखाद्या सेकंदाने ब्रेकर आपोआप पुन्हा जोडला जातो. लोळ विझलेला असेल तर लाईन उभी राहते आणि ग्राहकाला दिवा फक्त लुकलुकलेला दिसतो. मळ आणि ओल अजून तशीच असेल तर ती पुन्हा ट्रिप होते. मग कंट्रोल रूममधून शब्द येतो, "लाईन होल्ड होत नाही." तिथून पुढे पॅट्रोलिंग, म्हणजे माणसांनी चिखलातून टॉवर-टॉवर पाहत जायचं.

मग मुसळधार पावसात काही होत नाही, ते कसं?

जोरदार पाऊस मळ धुऊन नेतो. चांगल्या दोन-तीन सरी पडल्या की डिस्क स्वच्छ होतात, आणि पावसाचं पाणी बरंच शुद्ध असल्याने वीज फारशी वाहून नेत नाही. जुलैत डिस्क दिवसभर भिजूनही मळामुळे ट्रिपिंग कमी होतं. त्या काळात लाईन पडतात त्या वारा, झाडाच्या फांद्या आणि आकाशातली वीज यांमुळे. घातक वेळ ती, जेव्हा मळ भिजतो पण धुऊन जात नाही: दव, धुकं, भुरभुर, वळवाची पहिली दहा मिनिटं.

याचा सर्वांत मोठा अनुभव उत्तर भारताला आहे. २०१० च्या जानेवारीत पंजाब, हरियाणा, दिल्ली, उत्तर प्रदेश या पट्ट्यात दाट धुक्यात अनेक उच्चदाब लाईन एकामागोमाग ट्रिप झाल्या. त्या प्रदेशात धुक्याबरोबर कारखान्यांचा आणि शेतातल्या जाळाचा धूरही खाली उतरतो. त्यानंतर पॉवरग्रिड या केंद्र सरकारच्या वीज पारेषण कंपनीने तिथल्या मळकट टप्प्यांतल्या चिनी मातीच्या माळा काढून मोठ्या संख्येने सिलिकॉन रबराचे इन्सुलेटर बसवले.

"तापतात आणि तडकतात", हे खोटं आहे का?

नाही. पण चांगली चिनी माती एवढ्याने तडकत नाही. कारखान्यातल्या चाचणीत इन्सुलेटर आलटून-पालटून गरम आणि थंड पाण्यात बुडवतात, दोहोंच्या तापमानात सुमारे ७० अंशांचा फरक ठेवून, आणि त्याला तडा जाता कामा नये. तडकतात ते बहुधा आधीच दुखावलेले. डिस्कची लोखंडी टोपी आणि चिनी माती सिमेंटने जोडलेली असते. ते सिमेंट वर्षानुवर्षं ओल पिऊन किंचित फुगतं आणि चिनी मातीला केसासारखी चीर पडते. खांबावरच्या छोट्या पिन इन्सुलेटरना दगड लागलेले असतात, वीज पडून झळ बसलेली असते. अशा चिरेत पहिल्या सरीचं पाणी शिरलं की वीज आतून आरपार जाते.

असा खराब झालेला इन्सुलेटर खालून अगदी धडधाकट दिसतो. फिडरवर असे शे-दोनशे खांब असतील तर दोषी इन्सुलेटर शोधायला रात्र जाते. लाईट यायला चार तास लागले म्हणून लाईनमनवर चिडताना हे लक्षात असावं असं मला कळकळीने वाटतं. तो पावसात, टॉर्चच्या उजेडात, न दिसणारी चीर शोधत असतो.

चिनी माती, काच की रबर?

चिनी मातीचे इन्सुलेटर पन्नास-पन्नास वर्षं टिकतात, ऊन-पावसाला दाद देत नाहीत. दोष एवढाच, की जड असतात आणि आतली चीर दिसत नाही.

काचेच्या डिस्क खास प्रक्रियेने कठीण केलेल्या असतात. काचेला इजा झाली की तिचा पूर्ण चुरा होतो, अर्धवट तडा राहत नाही. त्यामुळे जमिनीवरूनच दिसतं की अमुक टॉवरवरची अमुक डिस्क गेली. टोपीतला उरलेला भाग वजन मात्र पेलत राहतो, तार खाली पडत नाही. लांबच लांब लाईनची पाहणी करायची तर मला हा गुण इतर सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो. उलट बाजू अशी, की फुटलेली काच पाहून आणखी दगड मारणारेही असतात.

तिसरा प्रकार रबराचा, लाईनवर त्याला 'पॉलिमर' म्हणतात. आत काचतंतूंची दांडी आणि बाहेर सिलिकॉन रबराच्या कडा. वजन चिनी मातीच्या माळेच्या अगदी थोडा हिस्सा. सिलिकॉनवर पाण्याची साय धरत नाही, थेंब सुटे सुटे राहतात. मळ बसला तरी सिलिकॉनचे हलके रेणू त्या मळात झिरपतात आणि मळसुद्धा पाणी झटकू लागतो. मळ भिजण्यावर याहून नेमका उपाय अजून सापडलेला नाही.

मग सगळीकडे तेच का बसवत नाहीत? कारण रबर उन्हाने आणि ठिणग्यांनी म्हातारं होतं, चिनी माती होत नाही. बाहेरचं आवरण कुठे फाटलं आणि ओल आतल्या दांडीपर्यंत पोचली, तर ओल आणि वीज मिळून आम्ल तयार होतं आणि दांडी एक दिवस अचानक मोडते. तेव्हा तार थेट जमिनीवर येते. गोदामात उंदरांनी आणि टॉवरवर पक्ष्यांनी ते रबर कुरतडल्याचेही प्रकार होतात. म्हणून ते मळकट टप्प्यांत वापरावं आणि डोळ्यांत तेल घालून तपासावं, हेच शहाणपणाचं.

खोपोली ते पडघे

महाराष्ट्राचं या माळेशी नातं जुनं आहे. सुरुवातीला तार एका मोठ्या इन्सुलेटरच्या डोक्यावर बसवत. दाब साठ केव्हीच्या पुढे गेला की तो इन्सुलेटर इतका मोठा आणि जड होई की पुढे जाणं अशक्य होतं. १९०७ मध्ये अमेरिकेत ह्युलेट आणि बक या दोन अभियंत्यांनी तबकड्या एकाखाली एक टांगायची युक्ती काढली. दाब वाढवायचा तर तबकड्या वाढवा, इतकं सोपं. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांत, १९१५ मध्ये, टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली.

दुसरं टोक म्हणजे चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची लाईन, १९९९ पासून चालू, क्षमता १,५०० मेगावॉट. हिच्यात वीज सतत एकाच दिशेने वाहते आणि दाब अधिक-उणे ५०० केव्ही असतो. अशा लाईनच्या तारेभोवतीचं क्षेत्र दिशा बदलत नाही, त्यामुळे ते धूळ एकसारखं ओढत राहतं आणि इन्सुलेटर लवकर मळतात. एका टोकाला कोळसा-सिमेंटचा प्रदेश आणि दुसऱ्या टोकाला कोकणची दमट हवा, म्हणून इथे पृष्ठवाट जास्तच ठेवावी लागते.

मेमध्ये दिवसभर लाईट बंद ठेवली, तरी जूनमध्ये गेलीच ना?

हा राग रास्त आहे. मेमधल्या शटडाऊनमध्ये फांद्या तोडतात, तडकलेले इन्सुलेटर बदलतात, जंपर, म्हणजे तारांना जोडणारे छोटे तुकडे, घट्ट करतात, जमेल तिथे डिस्क पुसतात. पण शटडाऊन संपल्या दिवसापासून मळ पुन्हा बसू लागतो, आणि हजारो खांबांवरचा एकेक इन्सुलेटर हाताने पुसणं शक्य नसतं.

मोठ्या लाईनवर वीज चालू ठेवूनही डिस्क धुता येतात. त्यासाठी क्षार काढलेलं पाणी ठरावीक अंतरावरून जोरात मारतात. ते वीज वाहून नेत नाही याची आधी मोजून खात्री करतात. पॉवरग्रिडने यासाठी हेलिकॉप्टरही वापरलं आहे. चालू लाईनवर काम करणाऱ्या या हॉटलाईन पथकांचं प्रशिक्षण बंगळुरूच्या राष्ट्रीय केंद्रात होतं. किनाऱ्याजवळच्या उपकेंद्रांत चिनी मातीवर सिलिकॉनचा लेप देतात, तो काही वर्षं टिकतो. माझं स्पष्ट मत असं, की कोकण आणि औद्योगिक पट्ट्यांत धुणं आणि लेप यांवर आत्ता होतो त्याहून जास्त खर्च व्हायला हवा. नवा टॉवर उभारला की उद्घाटन होतं. डिस्क धुतल्याचं कुणाला दिसत नाही, म्हणून ते काम मागे पडतं.

सगळं जमिनीखालून का नेत नाहीत?

शहरांत नेतात. मुंबईत जागाच नसल्याने उच्चदाब केबल रस्त्याखालून गेल्या आहेत. पण ४०० केव्हीची केबल उघड्या लाईनपेक्षा कित्येक पट महाग पडते. लांब केबल स्वतःच बराच प्रवाह खाते, त्यामुळे अंतरालाही मर्यादा येते. शिवाय तिच्यात दोष निघाला तर खणून, कापून, जोडायला बरेच दिवस लागतात. उघड्या लाईनवरची डिस्क एका दिवसात बदलून होते.

आपल्या हातात काय आहे

उसाचं पाचट टॉवर लाईनखाली पेटवू नका. ज्वाळा आणि धुराने हवेची अडवायची ताकद घटते आणि तारेतून थेट जमिनीकडे लोळ येऊ शकतो. लाईन पडते आणि जाळाजवळ उभ्या माणसाचा जीवही धोक्यात येतो. वर काजळी डिस्कवर बसते, ती पुढच्या दवाची वाट पाहत राहते. वीटभट्टीही लाईनपासून लांब हवी. ४०० केव्ही लाईनसाठी ४६ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवतात, तो सुरक्षित अंतरासाठीच. संक्रांतीला धातूचा मुलामा दिलेला मांजा तारेवर अडकला तर काठीने काढायला जाऊ नका. आणि पहाटे खांबावर ठिणग्या दिसल्या, चर्र-चर्र ऐकू आलं किंवा फुटलेली डिस्क दिसली, तर वीज तक्रारीच्या १९१२ या नंबरवर कळवा आणि खांबावरचा नंबर सांगा. खांबाचा नंबर दिला तर शोधायचे शंभर खांब कमी होतात.